अनामिक फॉर्ममधलं एक वाक्य

प्रश्न : मी ठाण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते. गेली काही वर्षं वर्गातली मुलं पाहून काळजी वाटते, म्हणून विद्यार्थ्यांवरचा ताण आणि त्यांचं मानसिक स्वास्थ्य या विषयावर एक छोटा संशोधन प्रकल्प हाती घेतला. पन्नासेक प्रश्नांचा गूगल फॉर्म केला, नाव विचारलं नाही, आणि वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नऊशे मुलांपैकी जेमतेम साठ जणांनी भरला. प्राचार्य म्हणतात, अंतर्गत गुणांना जोडा, दोन दिवसांत सगळे भरतील. तसं करावं का? दुसरं म्हणजे, एका मुलीने जिन्यात थांबवून विचारलं, "मॅडम, आम्ही भरून काय होणार?" मला नीट उत्तर देता आलं नाही. मुलांना यात मनापासून सामील कसं करून घ्यायचं? आणि शेवटचं. फॉर्मच्या शेवटी 'आणखी काही सांगायचं आहे का' अशी मोकळी जागा ठेवली होती. तिथे एकाने किंवा एकीने लिहिलंय, "रोज वाटतं, संपवून टाकावं सगळं. कुणाला सांगू?" कोण आहे ते कळायला मार्ग नाही. मला झोप लागत नाही.
– एक प्राध्यापिका, ठाणे

नमस्कार मॅडम,

तुम्ही शेवटी लिहिलेलं मी आधी घेते. त्या वाक्याबद्दल काय करायचं ते तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं. इथे ते पुन्हा लिहिते आहे, कारण असे फॉर्म आज ठाण्यापासून पनवेलपर्यंत कितीतरी महाविद्यालयांच्या ग्रुपवर फिरत असतात आणि ते वाक्य उद्या दुसऱ्या कुणाच्या शीटमध्ये येईल.

फॉर्म आजच बंद करा. नवी उत्तरं यायला नकोत, कारण आलेल्या उत्तरांची काळजी घेण्याची व्यवस्था अजून झालेली नाही. मग वर्गांत जा. स्वतः जा, ग्रुपवर मेसेज टाकून भागवू नका. फक्त ज्यांनी फॉर्म भरला असेल असं वाटतं त्यांच्याकडे नको, ज्या ज्या वर्गांना लिंक गेली त्या सगळ्या वर्गांत जा आणि सरळ सांगा : "तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलंय की रोज सगळं संपवावंसं वाटतं. मी ते वाचलंय. लिहिलंस ते फार बरं केलंस. मी अमुक खोलीत अमुक वेळेला एकटी बसलेली असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर या मॅडम आपल्या समुपदेशक आहेत. आणि रात्री दोन वाजता कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६." हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. नंबर फळ्यावर लिहा आणि तिथेच राहू द्या.

वर्गात असं उघड बोललं तर बाकीच्यांच्या डोक्यात भलतंच भरेल, अशी भीती तुमच्या सहकाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की बोलून दाखवेल. या प्रश्नावर संशोधन झालेलं आहे. आत्महत्येच्या विचारांबद्दल काळजीने, सरळ विचारल्याने ते विचार वाढतात असं त्यात आढळलेलं नाही. मार्ग, साधनं, तपशील यांची चर्चा मात्र कटाक्षाने टाळायची.

मूल शोधायला निघू नका. उत्तर किती वाजता आलं, कुठल्या वर्षाचं, मुलगा की मुलगी, कुठल्या स्टेशनवरून येणारं, असं जुळवत बसलात तर पाच-सहा नावं हाताशी येतील, आणि त्या सगळ्यांना एकेक करून बोलावलंत की 'नाव कळणार नाही' हा शब्द तुम्ही साठही मुलांपुढे मोडला असं होईल. पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही. याला एकच अपवाद आहे. उत्तरांतून एकच व्यक्ती स्पष्टपणे समोर येत असेल तर गोपनीयतेपेक्षा जीव मोठा. तेव्हा समुपदेशकाला सोबत घेऊन, खाजगीत, हळुवारपणे त्या मुलाशी किंवा मुलीशी बोला. त्या उत्तराचा स्क्रीनशॉट स्टाफच्या ग्रुपवर जाता कामा नये. प्राचार्यांना तोंडी सांगा.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. नैराश्याची लक्षणं पाहण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच आहे. पुष्कळ जण ती जशीच्या तशी अनामिक फॉर्ममध्ये चिकटवतात आणि उत्तरं सत्र संपल्यावर उघडतात. म्हणजे एक मूल सप्टेंबरात 'जवळजवळ रोज' असं टिकमार्क करतं आणि ते डिसेंबरात वाचलं जातं. हे करू नये. एक तर तो प्रश्न गाळलेली आठ प्रश्नांची आवृत्ती वापरा, मदतीचे नंबर पहिल्या आणि शेवटच्या पानावर द्या, आणि मोकळ्या जागेवर स्पष्ट लिहा की इथलं उत्तर लगेच वाचलं जात नाही. किंवा मग प्रत्येक मुलाला सांकेतिक क्रमांक द्या, त्याची यादी फक्त समुपदेशकाकडे ठेवा, आणि रोज संध्याकाळी ती उत्तरं पाहणारा माणूस नेमा. यातलं काय झेपेल ते आधी ठरवा, मग प्रश्न लिहा.

समुपदेशक नेमलेलाच नाही असं तुम्ही फोनवर म्हणालात. तर प्राचार्यांपुढे हे ठेवा : सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असं त्यात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. नेमणूक होईपर्यंत समुपदेशनासाठी गावातल्याच संस्थांशी बोलून ठेवा, आणि वर्गात 'या मॅडम' म्हणून तिथल्याच कुणाचं नाव सांगा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आयपीएचसारखी मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था १९९० पासून आहे. इतकं जवळ असूनही मुलं तिकडे जात नाहीत, कारण आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असते. ठाण्यातल्याच शिक्षकांनी ती थट्टा वर्गात खपवून घेऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता गुणांना जोडण्याबद्दल. नाही, जोडू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये विद्यार्थ्यांचा उल्लेख अशा गटात येतो ज्यांच्यावर वरच्या माणसाचा दबाव पडू शकतो. तुम्ही त्यांचे पेपर तपासता, हजेरी लावता, एटीकेटीच्या वेळी सही करता. तुमचा 'प्लीज भरा' हाही त्यांच्या कानाला अर्धा हुकूमच वाटतो. गुण जोडले की उरलेला अर्धाही पूर्ण होतो. आणि नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी हाती काय येणार? लोकलमध्ये उभ्याउभ्या अंगठ्याने एका रांगेत मारलेले आठशे 'कधीकधी'. त्यापेक्षा तुमची साठ उत्तरं मोलाची आहेत. अमेरिकी विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत विद्यार्थ्यांना प्रयोगात भाग घेतल्याबद्दल श्रेयांक मिळतात हे खरं, पण तिथेही नको असेल त्याच्यासाठी तेवढ्याच कष्टाचं दुसरं काम द्यावं लागतं. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. प्रथम वर्षाला आलेल्या कितीतरी मुलांना अजून अठरावं पूर्ण झालेलं नसतं. त्यांच्या स्वतःच्या होकारासोबत पालकांची संमती लागते. महाविद्यालयात नैतिकता समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून मंजुरी घेता येते. ती घेतल्याशिवाय पुन्हा लिंक पाठवू नका.

त्या मुलीने जिन्यात विचारलेला प्रश्न मला तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. तुमच्या पन्नास प्रश्नांत पीएसएस-१० ही जाणवणारा ताण मोजणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मोजपट्टी केली, तेव्हा तिच्यात चौदा प्रश्न होते, पुढे दहांची आवृत्ती आली. गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे प्रश्न, शून्य ते चार गुण, एकूण चाळीसपैकी. मोजपट्टी उत्तम आहे, जगभर वापरतात. पण ती फक्त माणसाला ताण किती जाणवतो ते सांगते. कशाचा ते सांगत नाही, आणि ती आजाराचं निदानही करत नाही. समजा तुमच्या मुलांची सरासरी एकवीस आली. प्राचार्य त्या एकवीसचं काय करतील? ती मुलगी नेमकं हेच विचारत होती, आणि तुमच्यापाशी उत्तर नव्हतं कारण तुमच्या फॉर्मपाशीही ते नाही.

उत्तर हवं असेल तर प्रश्न ठरवतानाच मुलं खोलीत हवीत. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत : मुलांना हवं तसं वापरून घेणं, शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं सामील करणं. आपल्याकडे परिषदेच्या दारात गुलाबाचं फूल द्यायला उभे केलेले 'विद्यार्थी स्वयंसेवक' आठवून पाहा. लिंक पुढे पाठवायला नेमलेले वर्गप्रतिनिधीही त्याच पायऱ्यांवर असतात.

म्हणून आठ-दहा मुलांचा एक गट करा. त्या जिन्यातल्या मुलीला पहिली विचारा. गटात फक्त हुशार, चुणचुणीत, विद्यापीठाच्या आविष्कार संशोधन स्पर्धेला जाणारीच मुलं घेऊ नका. एटीकेटी लागलेला एक तरी हवा. आसनगाव किंवा कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून येणारी एखादी हवी. सकाळी कॉलेज करून दुपारनंतर ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये बसणारा, किंवा संध्याकाळी घरोघर पार्सल पोचवणारा हवा. मराठी माध्यमातून येऊन पहिल्यांदाच सगळे विषय इंग्रजीत ऐकणारी हवी. पहिल्या दोन बैठकींत तुम्ही बोलू नका, नुसतं लिहून घ्या. 'इथे यायला, शिकायला, घरी जायला त्रास कशाचा होतो, आणि बरं कशाने वाटतं' एवढंच विचारा. कुणी म्हणेल सातचं लेक्चर. कुणी म्हणेल लांबलेला निकाल, न आलेली शिष्यवृत्ती. कुणी म्हणेल एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही, अभ्यास कुठे करू? एखादी काहीच म्हणणार नाही आणि बैठक संपल्यावर तुमच्या मागे येऊन सांगेल. 'बरं कशाने वाटतं' हा प्रश्न वगळू नका. स्वास्थ्य म्हणजे ताणाचा अभाव इतकंच मानलं की मुलांना कशामुळे तग धरता येतो ते कधी कळतच नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ ही प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत उत्साह, शांतपणा, रोजच्या गोष्टींत रस किती वाटला, एवढंच ती विचारते. तुमचे पन्नास प्रश्न कापून हे पाच, पीएसएसचे दहा आणि मुलांनी स्वतः काढलेले दहा, इतकेच ठेवा. फॉर्म मराठीतही असू द्या.

फॉर्मशिवायही मार्ग आहे आणि तुमच्या जागी मी आधी तोच घेतला असता. १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले आणि त्यांच्या रोजच्या जगण्याचे फोटो त्यांनाच काढायला सांगितले. मग त्या बायका एकत्र बसून आपापल्या फोटोंवर बोलल्या, आणि ते बोलणं धोरणं ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवलं. ही पद्धत फोटोव्हॉइस म्हणून ओळखली जाते. तुमच्या मुलांच्या खिशात कॅमेरा आहेच. आठवडाभर प्रत्येकाने दोन-तीन फोटो काढायचे : जीव दडपतो अशी जागा आणि जीव निवतो अशी जागा. एखादा दिवा स्टेशनचा पूल आणेल, एखादी तलावपाळीचा कट्टा, एखादा कॉलेजच्या ऑफिसची खिडकी. त्या खिडकीचा फोटो दहापैकी चौघांनी आणला तर प्राचार्यांना आकडा समजावून सांगावा लागणार नाही. फक्त फोटोत दुसऱ्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय नको, आणि चालत्या गाडीतून किंवा दारात लटकून कुणी फोटो काढणार नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.

मुलांना मुलाखती घ्यायला लावणार असाल तर जपून. समवयस्काशी मुलं मोकळी बोलतात हे खरं, पण म्हणूनच ऐकणाऱ्यावर ओझंही येतं. वीस वर्षांच्या मुलीने मैत्रिणीच्या घरातली मारहाण ऐकायची, गप्प राहायचं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच शेजारी बाकावर बसायचं, हे तिच्याकडून मागू नये. आपल्याच वर्गातल्या कुणाची मुलाखत कुणीही घेऊ नये. ट्रान्स-हार्बरने नेरुळ, वाशी फार लांब नाही. तिथल्या एखाद्या महाविद्यालयाशी अदलाबदल करा, तुमच्या मुलांनी तिकडे जावं, तिकडच्यांनी इकडे यावं. मुलाखतीच्या आधी एखादा दिवस प्रशिक्षण, आणि प्रत्येक मुलाखतीनंतर समुपदेशकासोबत गटाने बसून बोलणं, हे वेळापत्रकातच घाला. कुठे थांबायचं आणि 'हे माझ्या एकट्याच्याने नाही पेलणार, आपण मॅडमना सांगूया' असं कधी म्हणायचं, हे त्यांना आधी शिकवा. गटातून कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल हेही सांगा.

फॉर्म परत पाठवाल तेव्हा महिना पाहा. पीएसएस गेल्या महिन्याबद्दल विचारते, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर भरून घेतलात तर परीक्षा मोजली जाईल. एकदा सत्राच्या मध्यात आणि एकदा परीक्षेनंतर, असं दोनदा घेता आलं तर उत्तम. ईमेल पत्ता गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते स्वतः तपासा. आणि नाव नसलं म्हणजे ओळख लपली असं धरून चालू नका. बारा जणांच्या वर्गात वसतिगृहात राहणारी एकच मुलगी असेल तर 'तृतीय वर्ष, मुलगी, वसतिगृह' एवढ्यावर ती ओळखू येते. पाच-सातपेक्षा लहान गटाचे आकडे अहवालात वेगळे दाखवूच नका.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि संशोधन प्रकल्पांना श्रेयांक दिले आहेत. तुमच्या गटातल्या मुलांचं काम त्यात बसवता येईल. मात्र इतर विषयांचे पर्यायही समोर असावेत आणि त्यांनी हा स्वतः निवडलेला असावा. शोधनिबंध लिहाल तेव्हा ज्यांनी प्रश्न ठरवले, उत्तरं तपासली, अर्थ लावला, त्यांची नावं लेखक म्हणून घाला, तळटीपेत आभार मानून थांबू नका. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीच्या अहवालात या प्रकल्पाची एक ओळ जाईल, पदोन्नतीच्या अर्जात तुम्हाला गुण मिळतील, त्यात गैर काही नाही. पण तेवढंच झालं तर ज्या मुलांनी आपलं मन उघडं केलं त्यांच्या हाती काहीच पडलं नाही, आणि हे मला फार लागतं. मुलं तीन-चार वर्षांत निघून जातात. निष्कर्ष त्यांना ती इथे असेपर्यंत कळले पाहिजेत.

तेव्हा आजच दिनदर्शिकेत एक तारीख धरा, हे सत्र संपायच्या आतली. त्या दिवशी गटातली मुलं सभागृहात बाकीच्यांना सांगतील की काय विचारलं, काय सापडलं. प्राचार्य आणि परीक्षा विभागाचे प्रमुख पहिल्या रांगेत बसतील, आणि मुलांनी मागितलेल्यापैकी एक तरी गोष्ट तिथेच मान्य करतील. दोन पेपरांच्या मध्ये एक दिवसाची सुट्टी असेल, सातचं लेक्चर साडेसातला नेणं असेल, संध्याकाळी आठपर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका असेल. कुठली गोष्ट देता येण्यासारखी आहे हे प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा. ते एकाही गोष्टीला तयार नसतील तर त्यांना हेही सांगा की अशा स्थितीत तुम्ही पुन्हा फॉर्म पाठवणार नाही.